चौथी ब

जूनमध्ये मुलं सुट्टीवर गेली की शाळा माझी.
बाकं भिंतीला, फळे ओल्या फडक्यानं पुसलेले,
आणि मग एका मंगळवारी तार्तूहून ट्रक येतो:
अकरा पियानो, गोधड्यांत गुंडाळलेले,
आजारी गाई उतरवाव्यात तसे उतरवतात.
एक हमखास जिन्यात अडतो.
यंदा चौथी बचा अडला.
ट्रकवाला कालेव म्हणाला, हेल्वे, भिंत जरा सरकव.
दरवर्षी म्हणतो. दरवर्षी हसते.

गाव म्हणजे एक धक्का, एक चर्च,
मासे धुरावर टांगायची एक शेड.
या दिवसांत रात्र नावालाच. अकरा वाजताही
अंगणात पेपर वाचता येतो, डासांनी वाचू दिला तर.

स्पर्धेची मुलं सकाळी सातला दारात.
किल्ल्या माझ्या कमरेला. खोली बोटांनी सांगायची,
कारण भाषा कुणाचीच कुणाला येत नाही;
माझी शाळेतली रशियन गंजलेली,
आणि या पोरांना तीही नको.
नुत्सा कुतायसीची. तेरा वर्षांची.
सोबत मावशी, मावशीसोबत अक्रोडांची पिशवी.
नुत्सानं चार बोटं दाखवली,
मग हवेत दोन पोटांचं एक अक्षर काढलं.

मला संगीतातलं कळत नाही.
अकरा दारांखालून अकरा तुकडे बाहेर येतात
आणि एकही शेवटाला जात नाही, एवढं कळतं.
व्हिल्नियसचा एक मुलगा रोज वाजवण्याआधी ओकायचा,
मी न बोलता बादली ठेवायचे, तो न बोलता मान हलवायचा.
मग असं वाजवायचा की
माशीसुद्धा काचेवर थांबेल.

चौथी बमध्ये मात्र एक जागा होती.
तिथे डावा हात उजव्यावरून उडी घेतो
(दाराच्या फटीतून पाहिलंय)
आणि पलीकडे उतरताना घसरतो.
थांबते. पुन्हा. घसरते.
दिवसातून ऐंशी वेळा, नव्वद वेळा,
मागे फळ्यावर कुणाचं तरी सात आठे तसंच राहिलेलं.
तिसऱ्या दिवशी माझा पोछा तिथे अडायला लागला.
घरी बटाटे सोलताना
सुरी मध्येच थबकायची.

माझीही तशी एक जागा आहे.
मुलगा हेल्सिंकीला, इमारतींवर. रविवारी फोन करतो.
बाबाच्या बोटीचं काय करायचं,
या वाक्याच्या काठापर्यंत येते मी
आणि घसरते, पावसापाण्यावर, पगारावर,
तिकडे दूध कितीला.
तीन वर्षं बोट शेडमागे पालथी आहे.
तिच्याखाली कुणाची तरी मांजर व्याली.

अंतिम फेरी संस्कृतिभवनात.
मी मागच्या दाराशी, हात पुसायचं फडकं हातातच.
परीक्षक पाच, त्यातला एक सारखं घड्याळ बघणारा.
नुत्सा निळ्या झग्यात, झगा कुणाचा तरी उसना,
खांद्यावर दोन ठिकाणी टाचलेला.
ती जागा येणार म्हणून मी श्वास धरला.
धरूनच राहिले.
टाळ्या वाजल्या तेव्हा समजलं,
ती कधीच मागे गेली होती.
आनंद व्हायला हवा होता.
झालाही, पण थोडी फसवल्यासारखी उभी राहिले,
पायरी आहे समजून
अंधारात पाय टाकावा, तशी.

ती चौथी आली. चौथ्याला काही देत नाहीत.
मावशी रडली. नुत्सा बाहेर कठड्यावर बसून
कागदाच्या द्रोणातल्या स्ट्रॉबेऱ्या खात होती,
हिरव्या देठांसकट.
जाताना किल्ली दिली, आणि पाच अक्रोड.

परवा ट्रक येऊन गेला.
चौथी बच्या लिनोलियमवर चाकांचे खड्डे राहिलेत,
त्यात पाणी साचतं, पोछा मारला की.
सात आठे मीच पुरं केलं.

आज रविवार. फोन आला.
बोटीपर्यंत गेले.
वारा कुठला आहे गं तिकडे, तो विचारत होता,
आणि मी सांगायला लागले, नैर्ऋत्येचा,
सांगता सांगता थांबले.
थांब, म्हटलं.
पुन्हा.