तिसरं कोटेशन

पहिला आला तो चपला न काढताच म्हणाला,
वहिनी, एक्केचाळीस हजार, पाच वर्षांची गॅरंटी.
भिंतीकडे पाहिलं तेही
फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता.
दुसऱ्यानं फोटो मागवले. पाठवले:
कपाटामागची काळी नक्षी,
खिडकीखालची हिरवट,
आणि छताच्या कोपऱ्यातली ती, जिला माझी मुलगी
आफ्रिका म्हणते.
उत्तर आलं, चौरस फुटाला एकशे पंच्याऐंशी, जीएसटी वेगळा.
आफ्रिका किती फूट भरते ते मोजायला
स्टुलावर चढले, आणि खोकत उतरले.

तिसरे नझीर चौगुले. मूळचे महाडकडचे,
भांडुपहून विक्रोळीला आले स्कूटरवर.
पाणी प्यायले. मग खिशातून दोन रुपयांचं नाणं काढून
भिंतीवर वाजवत गेले,
टक्, टक्, टक्,
ठप्प.
"इथे पोकळ आहे," म्हणाले.
"प्लास्टरनं कधीच सोडलंय. नुसत्या रंगानं धरून ठेवलंय."
मी उगाच ओढणी सारखी केली.

तीन वर्षांत काय काय केलं ते सांगितलं:
ब्लीच, व्हिनेगर, कापूर, कपाटात खडू,
दोनदा रंग, आणि एकदा तर
भिंतीला चिकटवायचा डोंगरांचा कागद.
तो मागून भिजला, आणि डोंगरांवर
खरोखरच काहीतरी उगवलं.
ते हसले नाहीत. "कोरडी खरवडता?"
"हो."
"नका. उडते. आधी भिजवायची, मग खरवडायची,
तोंडाला फडकं बांधून. पोरीला तेवढा वेळ शेजारी धाडा."
आणि वहीत काहीच न लिहिता:
"पण माझं काम नंतरचं. हे पाणी तुमचं नाही."

कुणाचं, ते मला माहीत होतंच.
वरच्या, शेवटच्या मजल्यावरच्या खातूबाईंचं.
चार वर्षं आम्ही जिन्यात
एकमेकींच्या पिशव्यांकडे बघत जातो.
रात्री त्या खोकायच्या, ते खाली ऐकू यायचं;
वाटायचं, मुद्दाम.

चौगुले पुढे, मी मागे.
दार उघडलं, तेही अर्धंच.
आत दिवाणाच्या वर, छताला,
माझ्या आफ्रिकेच्या दुप्पट काहीतरी पसरलेलं
आणि उशीच्या जागी परात.
मग आम्ही तिघं गच्चीत.
टाकीच्या पायथ्याशी चौगुल्यांनी बोट ठेवलं.
भेग त्या बोटाएवढीच.
"सोसायटीला कळवलं नव्हतंत?"

कळवलं होतं. खातूबाईंनीच.
वार्षिक सभा, टाकीची दुरुस्ती, घरटी साडेसहा हजार.
मी उभी राहून म्हणाले होते,
हा वरच्यांचा प्रश्न आहे, वरच्यांनी बघावं.
टाळ्याही पडल्या होत्या.
विरोधाच्या यादीत माझी सही आहे,
निळ्या शाईत, सुवाच्य.
खातूबाई काही म्हणजे काही बोलल्या नाहीत.
पदराला हात पुसले.
कोरडेच होते ते.

टाकीचं काम व्हायला दोन महिने लागले.
बारा घरांनी दिले, चौघांनी अजून नाहीत.
माझ्या भिंतीचे चौगुल्यांनी साडेएकोणीस घेतले,
निम्मे आधी, पावती हातानं लिहिलेली.
गॅरंटी? मी विचारलं.
"भिंतीची देतो," म्हणाले. "सभेची नाही."
आणि जाता जाता: रंग लगेच नको.
संक्रांतीपर्यंत उघडी राहू दे.
वरून सुकल्यासारखी दिसते, आत वेळ लागतो.

तर सध्या आमच्या घरात विटा दिसतात.
पाहुणे विचारतात, ही नवी फॅशन का?
मुलगी विचारते, आफ्रिका कुठे गेली.
काल खातूबाई आल्या, डबा परत करायला,
आणि जाता जाता विटांवर तळवा टेकवला.
"गार आहे अजून," म्हणाल्या.
बसा ना, म्हटलं.
बसल्या नाहीत.
हात मात्र बराच वेळ तिथेच होता.