मिठाचा हिशोब

दिवसा मी हिद्दच्या कारखान्यात
समुद्रातलं मीठ काढतो.
गोडं झालेलं पाणी मुहर्रकभर नळांना जातं,
त्यातलंच थोडं माझ्या चौथ्या मजल्यावर येतं.
रात्री मी ते पुन्हा गाळतो, बादलीत घेतो,
आणि मोजून मीठ घालतो
काटा पस्तिसावर येईतो.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात
ते असंही असेल.

समुद्र इथून चालत सात मिनिटांवर.
मला तीन फुटांचा हवा होता,
काचेच्या आत, दिवाणखान्यात.

पहिला तुकडा जासिमने दिला,
त्याच्या टाकीतला, अंगठ्याएवढा.
त्याचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे :
नाकाला चिमटा, पायाला दगड.
तुकडा देताना एवढंच म्हणाला,
"याला घाई चालत नाही."
मी मान हलवली. ऐकलं नाही.

आई फोनवर : "पोवळं पाळतोस म्हणजे?
ते बोटात घालतात, मंगळाला."
म्हटलं, हे अजून जिवंत आहे, जेवतं.
"काय जेवतं?"
उजेड. आणि चुना लागतो हाडाला.
चुना म्हटल्यावर तिची गाडी रुळावर आली.
"मग वरची निवळ घे, गाळ हलवू नकोस,
आणि झाकण लाव, साय धरते."
मिठाच्या डब्यामागच्या बारा भाषांत
कुणी इतकं नीट लिहिलं नव्हतं.

तरी मी मोजत राहिलो. सकाळ-संध्याकाळ
नळीत थेंब : सहा, सात,
आठव्याला निळं गुलाबी होतं.
साताला झालं की माझ्या पोटात गोळा.
मग ओतायचं काहीतरी. मग दुसऱ्या दिवशी अकरा.
मग ते उतरवायला पाणी बदलायचं.
दिवा चार बोटं वर, दिवा चार बोटं खाली.
ऑगस्टात कूलर बंद पडला तेव्हा
बर्फाच्या बाटल्या तरंगवत रात्रभर जागलो,
आणि ते मात्र वाचलं.
मेलं ते थंडीत, सगळं ठीक असताना.
बुडापासून पांढरं होत वर चढलं,
उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तशी कातडी सुटली.
उरली बोटभर जागा टोकाकडे, मळकट हिरवी.

तेवढ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं.
एकोणीस दिवस खेडला.
किल्ली शेजारच्या मारिसेलकडे दिली,
सोबत चार पानं सूचना, लाल रेघा मारून.
रोज विचारायचो, आकडा किती?
ती अंगठा पाठवायची.
आकडा नाही. नुसता अंगठा.

परतलो ते बॅग दारातच ठेवून काचेशी गेलो.
बुडाच्या पांढऱ्या हाडावर
कातडी पुन्हा पसरत होती, नखाएवढी,
आणि टोकांना फिकट निळे कोंब.
"काय काय घातलंस?"
"रेघेपर्यंत पाणी. तुझ्या आईची निवळी, थेंब थेंब.
ड्युटीवरून आले की समोर बसायचे.
हात नाही घातला."
चार पानं फ्रिजवर तशीच होती, चुंबकाखाली.

मारिसेल डायलिसिसवर नर्स आहे.
चहा ओतता ओतता म्हणाली,
"आमच्याकडेही आकडा हळू सरकवतात.
बिघडला म्हणून माणूस टिकतो पुष्कळ दिवस.
एका झटक्यात नीट केला की जातो."
मग साखर मागितली.
मी दोन चमचे घातले, तिने एक परत काढला.

आता नऊला दिवे मावळतात.
दगड म्हणावा त्या दगडातून
शेकडो बारीक तोंडं बाहेर येतात,
पंपाच्या लाटेवर हलतात, काहीबाही धरतात.
थेंबांची बाटली कपाटात आहे.
उद्या पहाटेची पाळी, पुन्हा मीठ काढायचं आहे.
मी स्टूल ओढतो
आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून
बसून राहतो.