नाव जुळत नाही

रात्री साडेनऊला ऐरोलीत आमची दुपार होते.
पाचव्या मजल्याच्या काचेतून खाडी दिसते,
म्हणजे दिसत नाही,
दिवे जिथे संपतात ती खाडी.
कानात गॉलवेच्याही पलीकडची एक म्हातारी,
तिच्याकडे अजून उजेड आहे आणि वारा,
इतका वारा की अर्धी वाक्यं तोच बोलतो.

नवरा गेला. विम्याचे पैसे अडकलेत.
पॉलिसीवर पीटर, मृत्यूच्या दाखल्यावर पॅडर.
माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी : नाव जुळत नाही.

मी पाठ असलेलं म्हणते. खेद आहे. प्रतिज्ञापत्र लागेल.
ती म्हणते, पीटर नावाचं कुणी
या घरात कधी जेवलंच नाही, बाई.
तो कारकुनाचा माणूस.

मग थांबत नाही ती.
साखळ्या घेऊन मोजणीवाले आले तेव्हापासून सुरू करते.
टेकडीचं नाव विचारलं, कानाला लागलं तेवढं लिहिलं,
उरलेली टेकडी तशीच राहिली, बिननावाची.
तिच्या पणजीच्या गळ्यात दोरीला काठी,
घरची बोली तोंडातून निघाली की काठीवर एक खाच,
संध्याकाळी जितक्या खाचा तितके फटके.
आणि खाचा पाडायला कुणी साहेब नव्हता,
तिचा बाप होता.
बटाटा कुजला त्या सालापासून त्याला एवढंच कळत होतं :
बोटीवर इंग्रजी लागते.

माझा हात माउसवर.
मला तिला सांगायचं असतं
गोमा हाल्या मढवीबद्दल, माझ्या पणजोबाबद्दल.
सातबाऱ्यावर गोमा हाल्या, सिडकोच्या यादीत गोमाजी हरी,
साडेबारा टक्क्यांचा भूखंड या दोघांच्या मधे
एकवीस वर्षं उभा आहे, गवत वाढलेला.
मूठभर मिठासाठी त्याने ठाण्याच्या किल्ल्यात चार महिने काढले,
तिथल्या वहीत तो तिसराच कुणी.

आणि ण बद्दल सांगायचं असतं.
फलाटावर इंग्रजीत आमचं गाव ण शिवाय,
मी चिडून पत्रं लिहिली होती रेल्वेला.
पण आजी पहिल्यापासून घनसोलीच म्हणते,
पानी म्हणते, डोला म्हणते,
मला प्रनिता म्हणते.
ण मला शाळेत मिळाला, सामंत बाईंच्या पट्टीने,
उजव्या हाताच्या पेरांवर.
घरी येऊन मीच आजीला सुधारत बसायचे.
काठी नव्हती माझ्याकडे. हसायचे फक्त.

आजोबांचा भाऊ तुमच्याकडे होता, ती मधेच म्हणते,
तुरुंगावर. इथे जमीन धाकट्याला मिळत नसे,
म्हणून राजाचा कोट चढवला.
आम्ही त्याचा फोटो भिंतीला लावत नाही.
फेकलाही नाही.
समुद्राजवळचं गाव होतं कुठलंसं...
आणि तिच्या तोंडात एक नाव येतं, ट आणि न,
वाऱ्याने मधलं खाल्लेलं.

संभाषण नोंदवलं जातंय.
मी विचारत नाही कुठलं गाव.
एवढंच म्हणते, तुमच्या यजमानांचं नाव पुन्हा सांगा,
सावकाश.
ती सांगते. शेवटचं अक्षर घशात वळतं,
त्यावरची तिरकी रेघ माझी प्रणाली घेत नाही,
प्रश्नचिन्ह उमटतं तिथे.
मी फाईल वरच्या साहेबांकडे ढकलते.
पैसे मिळतील असं म्हणत नाही.

पहाटे तीनला गाडी. ड्रायव्हर नवा, बस्तीचा.
सेक्टर कितवा, मॅडम?
मी म्हणते, घनसोली. गावात. देवळामागं.
तो फोनवर बोट फिरवतो, फिरवतो.
असं काही दाखवत नाही.

सरळ घ्या, म्हणते मी.
पुढचं सांगते.