कोमट

दिवाळीनंतर आमच्याकडे गरम पाणी यायचं थांबलं.
थांबलं म्हणजे कोमट आलं.
कोमट हे तक्रारीला पुरत नाही
आणि आंघोळीलाही.

निफाडला पारा सहाच्या खाली,
ओझरला भावानं द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवलेल्या,
आणि इथे पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर
मी बादल्यांमागून बादल्या ओतून बघतेय,
पुढची तरी बरी येईल म्हणून.
हे म्हणायचे, भांड्यांना तूच संपवतेस सगळं.
मी म्हणायचे, आणि तुमची दाढी?
एकदा तर मी यांच्या आंघोळीची मिनिटं लिहून ठेवली,
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली.
तीस वर्षं हिशेबखात्यात काढल्यावर
दुसरं काय सुचणार.

रविवारी भिकन बागुल आला,
सटाण्याकडचा, कानामागे बिडी, कमरेला पाना.
गच्चीवर चढला. मागोमाग मी, स्वेटरवर स्वेटर.
समोर पांडवलेण्यांचा डोंगर धुक्यात अर्धाच.
त्यानं सोलरच्या नळ्यांवरची धूळ पुसली,
टाकी बोटांनी वाजवली,
कलिंगड घेताना वाजवतात तशी.
एक जोड सोडला तर आतून क्षार पडला,
पांढरा, खरखरीत, उन्हाळाभराच्या बोअरचा.
"पानाला लावू नका फक्त," म्हणाला.

पाइप कठड्यावरून उंटासारखा पाठ काढून जातो,
तिथे हवा अडकते म्हणे.
तीही काढली:
खाली बाथरूममध्ये गार नळ आणि गरम नळ
रबरी नळीनं तोंडाला तोंड जोडले
आणि गारचा जोर उलटा वर सोडला.
भिंत खोकली.
एकदा, दोनदा, मग कढ आल्यासारखी खूप वेळ.
हे पेपर टाकून बघायला आले.

आणि तरीही कोमटच.

जिन्यात बसला, बिडी न पेटवता.
"टाकीत पानी गरम शे, ताई.
वाटेत कुठेतरी गार घुसतंय."
मग वर जाऊन त्यानं गरमचा कॉक बंद केला
आणि मला खाली ओरडून सांगितलं, उघडा गरमचा नळ.
आता काहीच यायला नको होतं.
आलं. धो धो. बर्फासारखं.

"अजून कुठे नळ आहे?"
नाही, म्हणाले मी.
नाही, म्हणाले हे.
मग दोघांनी एकदमच मागच्या खोलीकडे पाहिलं.

हर्षाली राहायची तिथे, कळवणची, नर्सिंगला.
दिवाळीआधी सुरतला नोकरी लागली, गेली.
किल्ली तेव्हापासून तुरीच्या डब्यात.
आत पावडरीचा जुना वास, आरशाला चिकटलेली टिकली,
आणि मिक्सरची दोन्ही चाकं पूर्ण उघडी,
हँडशॉवर मात्र मुठीतल्या बटणानं बंद.
घाईत केस धुऊन, तसाच टांगून गेलेली.
थेंबही गळत नव्हता.
दोन महिने गारचं पाणी तिथून
आवाज न करता गरमच्या पाइपात जात होतं,
आणि आम्ही एकमेकांची मिनिटं मोजत होतो.

भिकननं दोन्ही चाकं फिरवली. झालं.
पैसे घेताना तोच लाजला.
स्वयंपाकघरात नळ सोडला तर हात मागेच घ्यावा लागला.
यांनी पण बोट घातलं, "हां" म्हणाले,
आणि मग पुन्हा घातलं.

कॅलेंडरचं पान मी डिसेंबर संपायच्या आधीच फाडलं.
संध्याकाळी हर्षालीला फोन लावला, चांगली झापायची म्हणून.
मावशी, म्हणाली, रात्रपाळी आहे, आत्ताच उठले,
हॉस्टेलला पाणी काही धड तापत नाही बघा,
येतं, पण कोमट.

बरं, म्हटलं, थांब. कागद घे.
गच्चीवर जायला देतात का तुम्हाला?
तिथे टाकीखाली एक कॉक असेल, पितळी,
तो आधी बंद कर, आणि मग खाली येऊन