दहा मिली विरजण

नव्वद मिली आंबट पाणी, पाच ग्रॅम दगडाचं पीठ,
आणि जुन्या फ्लास्कमधलं दहा मिली विरजण.
तोंडाला कापसाचा बोळा.
शेकरवर चढवते : मिनिटाला दीडशे फेरे, तीस अंश.
वहीत लिहिते : शनिवार. फ्लास्क सात. रंग फिकट हिरवा.

दगड मलांजखंडचा.
टनामागे जेमतेम तीन किलो तांबं, भट्टीला न परवडणारं,
म्हणून खाणीच्या कडेला वर्षानुवर्षं ढीग.
पोत्यावर कुणीतरी खडूनं लिहिलंय, 'टाकाऊ'.

माझे अप्पा झवेरी बाजारातले झारेकरी.
पहाटे साडेचारला धनजी स्ट्रीटच्या गटाराशी उकिडवे,
कुंचा, पाटी, घमेलं.
सोनारांच्या केसांतून, तळव्यांतून,
हात धुतलेल्या पाण्यातून निसटलेलं सोनं
चिखलातून पाऱ्यात, पाऱ्यातून तेजाबात.
महिन्याला कधी दोन ग्रॅम,
कधी नुसतीच खोकल्याची उबळ.
नखं कायमची पिवळी.
लग्नाच्या पंक्तीत वाढपी समोर आला
की हात पानाखाली.

रविवारी रात्री फडतरेंचा फोन :
चेंबूरची वीज गेली, जनरेटर धरत नाही.
मी निघाले. मागून अप्पा, चप्पल अडकवत,
न विचारताच.

अंधारात मोबाइलचा उजेड भिंतीला टेकवून ठेवला.
चार फ्लास्क मी घेतले, चार त्यांनी.
हलवत राहायचं, म्हटलं, हवा मिळाली पाहिजे त्यांना.
पुढचं सांगावं लागलं नाही.
मनगटातून, गोल, कडेला थेंबही न चढू देता,
घमेल्यात गाळ फिरवावा तसं.
माझा हात वीस मिनिटांत भरून आला.

"खातात काय हे?"
लोखंड, अप्पा. आणि गंधक.
"आणि तांबं?"
तांबं त्यांना नकोच असतं.
ते सुटतं, पाण्यात उतरतं. आपण घेतो.
"त्यांना काय देता?"
चिमूटभर खत.
"बरंय," म्हणाले. "आम्हाला शेठ चहासुद्धा मोजून द्यायचा."

मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.
दूर रिफायनरीची ज्योत खिडकीच्या काचेत हलत होती.

सव्वाबाराला दिवे आले. शेकर घरघरला.
सात फ्लास्क जागेवर गेले. आठवा त्यांनी सोडला नाही.
ट्यूबलाइटपुढे धरून पाहिला :
हिरवा ओसरला होता, कडेनं गंजासारखी लाली धरत होती.
बोळ्याशी नाक नेलं.
"तेजाबच," म्हणाले.
"पण म्हातारं. चावत नाही."

सोमवारी रकाने भरले.
तापमान : खोलीचं. वेळ : तीन तास दहा मिनिटं.
फेरे प्रति मिनिट...
तिथं मी लिहिलं, 'अप्पांचा हात'.

कर्णिक बाईंनी लाल पेनानं गोल केलाय.
शेजारी बारीक अक्षरात :
हे एकक कुठलं?