एक घाटी

स्टेशनवरून पहिली फेरी सहा चाळीसची.
मशीनमध्ये नवा रोल, पिशवीत डबा अजून गरम,
ड्रायव्हर खलीलभाई आरसा पुसतात रुमालाने,
मग त्याच रुमालाने तोंड.

नांदेडकडची गाडी रिकामी होते.
गोधड्या, थर्मास, एक्स-रेची पिवळी पाकिटं.
"घाटीला जायली का?"
"बाजी, घाटी को जाती क्या?"
जाते. हौ, जाती. चढा.

सात वर्षं झाली.
"एक घाटी" कोण कसं म्हणतो
त्यावरून कळतं कुठल्या वॉर्डात चाललाय.
बाळंतिणीकडचा सुटे पैसे विसरतो.
अपघाताकडचा शंभराची नोट देतो
आणि उरलेले घ्यायला थांबत नाही,
मी दारातून ओरडते तरी.
डायलिसिसवाले मला नावाने हाक मारतात,
माझ्या पोरीची परीक्षा कशी गेली विचारतात.

विद्यापीठवाले बोलत नाहीत.
पास, कानात वायर, खिडकी.
भडकल गेटला बस वळते
तेव्हा उभे असलेले सगळे एकाच बाजूला कलतात:
पेशंटचा भाऊ नेट-सेटच्या पुस्तकावर,
पुस्तक कुणाच्या तरी डब्यावर.
डबा सांडत नाही. इथे डबे घट्ट बांधतात.

मार्चमध्ये लिंबाजी बसायला लागले. परतूरकडचे.
बायको आत, बायकांच्या वॉर्डात,
दहा वाजले की मावशी पुरुषांना बाहेर काढते
ते चारपर्यंत.
"एक द्या."
कुठलं?
"जिथवर जाती तिथवर."

शेवटच्या थांब्यावर बस बारा मिनिटं उभी असते.
ते उतरून लिंबाखाली तंबाखू मळायचे,
इमारतींकडे बघायचे
दुसऱ्याच्या शेतातलं पीक बघावं तसं.
एकदा म्हणाले, "इथं काय शिकवायलेत?"
सगळंच, मी म्हटलं.
"मंग हिला काय झालं ते बी?"
नाही, ते घाटीत शिकवतात.
"अन् मंग इथं राह्यलं काय?"

मी नाण्यांच्या गड्ड्या लावत बसले.
माझा पण एक अर्ज आहे इथे, कुठल्याशा कपाटात,
गाईडच्या सहीची जागा कोरी.
विषय: निजामी काळातली वाहतूक.
खलीलभाईंना सांगितलं तेव्हा ते इतके हसले
की चहा सांडला स्टेअरिंगवर.
"फिर तो हो गया ना मॅडम तुम्हारा पूरा!"

दोन दिवस लिंबाजी आले नाहीत.
मी विचारलं नाही कुणाला. कुणाला विचारणार?
त्यांची सीट डाव्या बाजूची, सावलीची,
तिथे एक पोरगी बसून वहीत काही खोडत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाटीच्या थांब्यावर
ते आधी चढले, मग हात दिला.
बाई हाडकुळी, डोक्याला रुमाल,
बस हलायच्या आतच तिने दांडा धरलेला.
सुट्टी झाली?
"झाली. गाडी सांजंची हाय.
दोन विद्यापीठ द्या.
हिला दावायचंय मी कुठं राहायचो ते."

बारा मिनिटं.
त्यांनी तिला लिंब दाखवला.
ओटा. पाण्याचा नळ. ग्रंथालयाचा जिना, लांबून.
घर दाखवावं तसं सगळं हाताने.
ती बघत होती, मग नव्हती बघत,
मग मला म्हणाली, "तू शिकली का गं इथं?"
थोडं.
"मंग वाच की."

पदरात घडी घातलेला कागद.
इंग्रजी, त्यातून डॉक्टरचं अक्षर.
मी वाचलं: सोजरबाई लिंबाजी कोरडे.
वय अंदाजे पंचावन्न.
दाखल तारीख वाचली, आज कुठली ती वाचली.
लिंबाजी लिंबाकडे बघत होते.
त्याच्या खालची ओळ मला लागली.

खलीलभाईंनी हॉर्न दिला.
कागद मी होता तसाच घडी केला.
पुढे काय लिहिलंय, तिने विचारलं.
चढा आजी, म्हटलं, हात द्या,
पायरी उंच आहे.