पाव फेरा

आई किल्लीला दोरा बांधते.
विड्यांचा कट्टा बांधायचा तोच, गुलाबी.
गिळलीस तर ओढून काढता येईल, म्हणते,
आणि दुसरं टोक स्वतःच्या करंगळीला गुंडाळते.

"नोरु तेरु."
मी तोंड उघडते. दाजी पेठेत, ट्यूबलाइटखाली, सकाळी सहाला.
पाण्याचा दिवस असेल तर बॅरल भरून झाल्यावर.
टाळूला चिकटलेल्या स्टीलच्या कोळ्याच्या पोटात
सुईएवढं भोक. त्यात किल्ली.
पुढून मागे, नवं भोक दिसेपर्यंत.
पाव मिलिमीटर.
आई मोजते : ओकटी.
संध्याकाळी : रेंडू.

एक्केचाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं
दोनदा साबण लावून धुतली तरी
माझ्या टाळूला कळतं
आज तंबाखू ओली आली होती.

डॉक्टर हत्तुरे म्हणाल्या होत्या,
बारा-तेराची असताना आणलं असतं
तर नुसत्या किल्लीवर भागलं असतं.
तेव्हा मधली शिवण कच्ची असते.
आता चौतिसाव्या वर्षी हाडाने हाड धरलंय,
आधी कापायचं, मग फिरवायचं.
हे सगळं त्या एक्स-रेकडे बघून बोलल्या.
आई शेजारी पर्सची चेन
उघडत होती, लावत होती.

बारा-तेराची असताना
मी तोंडाने श्वास घेत झोपायची.
भिंतीपलीकडे लूम.
लूमला सुट्टी असेल त्या रात्रीच माझं घोरणं ऐकू यायचं.
आठवड्यातून एक रात्र.
तेवढ्यासाठी कोण दवाखान्यात नेतं.

भुलीतून उठले तर गाल माझे नव्हते.
वरचा ओठ कुणाचा तरी, उसना आणलेला.
नाकातून दोन दिवस फिकट लाल पाणी.
सहा दिवस काही फिरवायचं नाही,
जखमेला जरा विचार करू द्यायचा.
भाकरी मिक्सरमध्ये गेली. शेंगा चटणी डब्यात,
डबा वरच्या फळीवर, माझ्या नजरेआड.

मग कामावर. एस.टी. स्टँड, चौकशीची खिडकी.
आमच्या गावाच्या नावातच स.
तोंडात पूल घेऊन म्हणायचं :
थोलापूर–थातारा, थाडेथात, फलाट थहा.
अक्कलकोटचे एक आजोबा दोनदा ऐकून म्हणाले,
"बाई, दात दुखालाय काय?"
मी मान हलवली. ते खिशातून लवंग काढून
खिडकीत ठेवून गेले.

दोन पुढचे दात,
जन्मभर एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभे,
चौथ्या दिवशी सरकले.
आधी दोरा गेला. मग काडेपेटीची काडी.
गल्लीतल्या पोरी बघायला आल्या, बघून गेल्या.
पंचविसाव्या फेऱ्याला आई म्हणाली, एक कट्टा झाला,
आणि सुपातली एक विडी उचलून फटीपुढे धरली :
"बसती की गं."
मी हसले. टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं,
तरी हसतच राहिले. ती नाही हसली.
विडीचं टोक दाबून बघितलं, सैल निघालं,
छाटमध्ये टाकली.

अजून तीन. इरवै एनिमिदी.
मग मॅडमनी कोळ्याचं भोक सिमेंटने बुजवलं.
म्हणाल्या, फट तारेने मिटवू, वर्ष जाईल.
आत हाड भरेल, ते दिसणार नाही.
किल्ली परत मागितली नाही.

आता रात्री लूम नाही. मालक तेलंगणात गेला,
शेडला कुलूप.
आणि मी नाकाने श्वास घेते,
इतका बारीक की मलाच ऐकू येत नाही.
आई दचकून उठते.
अंधारात चाचपत येते, नाकाखाली बोट धरते.
तंबाखूचा वास.
मी डोळे मिटून पडून राहते.
ती मोजते. तोंडातल्या तोंडात,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि बराच वेळ
बोट काढत नाही.